हेतू नव्हता, तरी बाहेर: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या एका शिक्षेचा इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं काय पडलंय? पण शिक्षेबद्दलचा सगळ्यात जुना प्रश्न तिथे दर शनिवारी हजारो लोकांसमोर विचारला जातो. ज्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला शिक्षा करावी का?

आपल्याला क्रिकेटमधला बीमर माहीत आहे. कंबरेच्या वर आलेला धोकादायक फुलटॉस दुसऱ्यांदा पडला, की त्या डावापुरती गोलंदाजी बंद. चेंडू हातातून सटकला, असं गोलंदाज सांगतो, फलंदाजालाही ते पटतं, पण पंच काही ऐकत नाहीत. आज आपण बघणार आहोत तो नियम याच कुळातला आहे, फक्त त्याच्यामागे बरंच रक्त सांडलेलं आहे.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल नावाला पायाचा, प्रत्यक्षात हाताचा. लंबगोल चेंडू घेऊन एक जण पळतो आणि समोरच्या संघाने त्याला पाडायचं, म्हणजे टॅकल करायचं. दुसऱ्याला अंगानिशी धडकून पाडणं हा इथे गुन्हा नाही, ते कामच आहे. म्हणून रेघ कुठे ओढायची हा या खेळाचा कायमचा पेच.

१८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध 'फ्लाइंग वेज' नावाची रचना आणली. खेळाडू दोन बाजूंनी धावत येऊन पाचरीसारखे एकत्र यायचे आणि एका जागेवर आदळायचे. ही कल्पना काढणारा लॉरिन डीलँड स्वतः खेळाडू नव्हता, त्याला बुद्धिबळाचा आणि लष्करी इतिहासाचा नाद होता. दोनच वर्षांत त्या रचनेवर बंदी आली, पण घोळक्याने तुटून पडण्याची वृत्ती राहिली. १९०५च्या हंगामात वृत्तपत्रांनी अठराएक मृत्यू मोजले, त्यांतली बहुतेक मुलं शाळकरी होती. त्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डच्या नवख्यांच्या संघात खेळत होता, हेही लक्षात घ्या. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात युनियन कॉलेजचा एक खेळाडू डोक्याला मार लागून गेला. कोलंबियाने खेळच बंद केला, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. डिसेंबरात ६२ संस्थांची बैठक झाली आणि तिच्यातून जी संघटना उभी राहिली, तिलाच १९१०पासून एनसीएए म्हणतात.

त्यांनी काय केलं? चेंडू पुढे फेकायला परवानगी दिली, पाच यार्डांऐवजी दहा यार्ड पुढे सरकण्याची अट घातली. म्हणजे खेळ पसरवला, जेणेकरून एका जागी माणसांचा ढीग होऊ नये. मारामारी करणाऱ्याला बाहेर काढायची सोय होतीच, पण ती ठोसे आणि लाथा मारणाऱ्यांसाठी. नेमाने टॅकल करताना कुणाची मान मोडली तर तो अपघात समजला जाई. दुष्ट माणसाला शिक्षा आणि दुर्दैवाला हळहळ, अशी साधी वाटणी होती.

ही वाटणी मोडली ती हेल्मेटने. आता गंमत बघा, खरं तर गंमत कसली! १९३९ साली कॉलेज खेळात हेल्मेट सक्तीचं झालं. पुढे चामड्याची जागा कडक प्लास्टिकने घेतली, तोंडासमोर जाळी आली. कवटी वाचावी म्हणून हे सगळं केलं. पण उघडं डोकं माणूस जपतो, कवच चढवलेलं डोकं तो वापरायला लागतो. प्रशिक्षकही शिकवू लागले की डोकं पुढे घाल आणि हेल्मेटने धडक दे. भाल्यासारखं डोकं खुपसण्याच्या या प्रकाराला 'स्पिअरिंग' असं नाव पडलं. १९६८ या एका वर्षात सगळ्या स्तरांवर मिळून ३६ खेळाडू खेळातल्या थेट इजांनी दगावले.

इथे फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ टॉर्ग यांचं काम येतं. त्यांनी मानेच्या दुखापतींची देशभरातून नोंद ठेवली आणि कारण दाखवून दिलं. मान वर असली की तिला नैसर्गिक बाक असतो, तो धक्का सोसतो. डोकं खाली घातलं की मणके सरळ रेषेत येतात. मग माथ्यावर बसलेला धक्का थेट मणक्यांत उतरतो आणि माणूस मानेखाली लुळा पडतो. म्हणजे यात धडक देणाराच अनेकदा बळी असतो. १९७६ साली डोक्याने पहिली धडक द्यायला बंदी आली. त्या वर्षी शाळा-कॉलेजांत मिळून कायमचं लुळेपण आलेले ३४ खेळाडू नोंदले गेले होते, १९८४ साली ५. एका नियमाने आणि त्यामागच्या शिकवणीने इतकं साधलं.

मग प्रश्न संपायला हवा होता. का नाही संपला? कारण 'हेतू' हा शब्द. स्पिअरिंगच्या व्याख्येत हेल्मेटचा 'जाणूनबुजून' वापर, प्रतिस्पर्ध्याला इजा करण्यासाठी, अशी भाषा होती. आता मैदानावरच्या पंचाने निमिषार्धात दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं कसं? त्यामुळे पिवळा रुमाल खिशातच राहायचा. २०१० साली रटगर्स विद्यापीठाचा एरिक लेग्रँड एका धावत्या प्रतिस्पर्ध्याला अडवायला गेला, डोकं खाली गेलं आणि तो मानेखाली लुळा पडला. त्याच्या मनात काय होतं, या प्रश्नाने तिथे काय साधणार होतं?

२०००नंतरच्या दशकात नियमातून हेतूची भाषा काढली गेली आणि २००८पासून 'टार्गेटिंग'चा नियम आकाराला आला. हेल्मेटच्या माथ्याने कुणालाही जोराची धडक द्यायची नाही. आणि जो स्वतःला सावरण्याच्या स्थितीत नाही, उदाहरणार्थ चेंडू फेकत असलेला किंवा नुकताच झेललेला, त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर आघात करायचा नाही. पंचाने मनात डोकवायचं नाही, शरीर बघायचं. पाय जमिनीवरून सुटले का, डोकं खाली गेलं का? २०१३पासून त्याला हकालपट्टी जोडली गेली. पूर्वार्धात गुन्हा घडला तर उरलेला सामना बाहेर. तेव्हाच्या नियमाने उत्तरार्धात घडला तर पुढच्या सामन्याचाही पूर्वार्ध जायचा. बारा सामन्यांच्या हंगामात आणि साधारण चार हंगामांच्या कॉलेज आयुष्यात हे थोडं नव्हतं.

ओरड झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. धावणारा शेवटच्या क्षणी खाली वाकतो आणि छातीवर बसायची धडक डोक्यावर बसते. यात पोराचा काय दोष? पहिल्या वर्षी तर अजब प्रकार होता. रिप्ले बघून हकालपट्टी रद्द झाली, तरी पंधरा यार्डांचा दंड कायम राहायचा. म्हणजे निर्दोष, पण दंड भरा! पुढच्या वर्षी ते सुधारलं. मैदानावरच्या पंचाला नियम सांगतो की शंका असेल तर गुन्हा धर. पण २०१९पासून रिप्ले बघणाऱ्याला सगळ्या बाबी सिद्ध झालेल्या दिसल्या नाहीत, तर निर्णय फिरतो. आधी सुरक्षेला झुकतं माप, मग आरोपीला. आम्हाला ही रचना शहाणपणाची वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हेतू नसताना शिक्षा न्याय्य कशी? ॲरिस्टॉटलने 'निकोमॅखिअन एथिक्स'मध्ये दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा दाखला दिला आहे. नशेत माणूस भानावर नसतो हे खरं, पण नशा करायची की नाही हे त्याच्या हातात होतं. टॅकलचंही तसंच आहे. धडकेच्या क्षणी निवड करायला वेळच नसतो. तिथे सवय काम करते, आणि सवय सरावात लागते. डोकं वर ठेवून पाडायचं की खाली घालून, हे आदल्या शेकडो सरावांत ठरलेलं असतं. शनिवारची शिक्षा खरं म्हणजे मंगळवार-बुधवारच्या सरावाला असते. नियम त्या पोराच्या मनाबद्दल काहीच म्हणत नाही, तो त्याच्या सवयीबद्दल बोलतो.

आणि हे ओळखल्याची एक खूण इतिहासातच आहे. सुरुवातीला बाहेर काढलेल्या खेळाडूला मान खाली घालून लॉकर रूमकडे चालत जावं लागे, सगळं स्टेडियम बघत असे. २०२०पासून त्याला मैदानाच्या कडेला आपल्या संघाबरोबर थांबता येतं. बदल बारीक आहे, पण शिक्षा ठेवून बेइज्जती काढून टाकली. 'तू चुकीचं केलंस' आणि 'तू वाईट आहेस' या दोन वाक्यांतलं अंतर नियमाला समजलं. २०२२ साली, उत्तरार्धातल्या हकालपट्टीमुळे पुढचा सामना बुडत असेल, तर दाद मागायची सोयही झाली.

तरी एक गोष्ट आम्हाला अजून टोचते. सवयीला शिक्षा करायची, तर सवय लावणाऱ्याचं काय? बाकावर बसतो तो वीस वर्षांचा विद्यार्थी. त्याला डोकं खाली घालायला शिकवणारा, किंवा घातलेलं बघून गप्प बसणारा प्रशिक्षक तिथेच कडेला उभा असतो. एक खेळाडू कमी झाल्याचा फटका त्याला बसतो, हे खरं. पण तो फटका आहे, जबाबदारी नव्हे. १९०५ साली दोष रचनेत आहे हे ओळखून खेळच बदलला गेला, व्यक्तीवर बोट ठेवून लोक थांबले नाहीत. आजच्या नियमाने हेतूचा प्रश्न सोडवला, ही मोठी गोष्ट. शिकवणाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न मात्र उरला आहे, आणि आयुष्यभर शिकवण्याचंच काम केल्यामुळे आम्हाला तो दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

इथेच थांबतो.