परदेशी सेवेची प्रतिज्ञा : स्वयंसेवक विद्यार्थी, वैद्यकीय मिशन आणि मिरज

प्रस्तावना

परदेशात जाऊन रुग्णसेवा करण्यासाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या ख्रिस्ती डॉक्टरांची आणि परिचारिकांची परंपरा सुमारे दोनशे वर्षांची आहे. आज अशी सेवा पुष्कळदा काही आठवड्यांची असते; एकोणिसाव्या शतकात ती बहुधा आयुष्यभराची असे. या परंपरेचे मूल्यमापन सामान्यतः दोन टोकांना जाऊन केले जाते. एका बाजूस त्यागाचा गौरव होतो, तर दुसऱ्या बाजूस धर्मांतराचे साधन म्हणून तिचा निषेध होतो. स्वयंसेवक परतल्यानंतर त्या ठिकाणी काय उरले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. दक्षिण महाराष्ट्राशी जोडलेल्या काही घटनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वैद्यकसेवा : साधन की साध्य?

अमेरिकन वैद्यकीय मिशनचा आरंभ डॉ. जॉन स्कडर यांच्यापासून मानला जातो. ते १८१९ मध्ये न्यूयॉर्कमधील आपला व्यवसाय सोडून श्रीलंकेकडे निघाले. पुढे डॉ. पीटर पार्कर यांनी १८३५ मध्ये चीनमधील कँटन येथे नेत्ररुग्णालय उघडले. दोन दशकांत तेथे पन्नास हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. तथापि पार्कर यांना पाठविणाऱ्या मंडळाने आरंभीच बजावले होते की, वैद्यकीय ज्ञानाचा उपयोग धर्मप्रचाराला साहाय्यभूत होईल तेवढ्यापुरताच करावा. रुग्णांची रीघ वाढली तसा पार्कर यांचा बहुतेक वेळ शस्त्रक्रियांत जाऊ लागला, आणि कालांतराने मंडळाने त्यांचा आधार काढून घेतला. रुग्ण बरा करणे हे स्वतंत्र कार्य आहे की प्रचाराचे साधन, हा पेच असा पहिल्याच पिढीत उभा राहिला.

कोल्हापूर, प्रिन्स्टन आणि १८८६

रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशन सुरू केले. १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. वाइल्डर मायदेशी परतले आणि प्रिन्स्टन येथून त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले. पत्नीला वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून गोपाळराव जोशी यांनी वाइल्डर यांना पत्र लिहिले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास साहाय्य करण्याची तयारी वाइल्डर यांनी दर्शविली. जोशी दांपत्याला ती अट मान्य नव्हती. मात्र नियतकालिकात छापलेला तो पत्रव्यवहार न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी स्वतःहून मदतीचा हात पुढे केला. १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निक्षून सांगितले. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या.

त्याच वर्षी जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ख्रिस्ती शिबिर भरले. रॉयल वाइल्डर यांचा कोल्हापुरात जन्मलेला मुलगा रॉबर्ट त्यात अग्रभागी होता. ईश्वरेच्छा असल्यास परदेशी मिशनकार्यास जाण्याची आपली इच्छा व तयारी आहे, अशा आशयाच्या प्रतिज्ञेवर शंभर विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. पुढील वर्षभरात रॉबर्ट वाइल्डर आणि जॉन फोरमन यांनी अमेरिका व कॅनडातील महाविद्यालये पिंजून काढली आणि प्रतिज्ञाबद्धांची संख्या दोन हजारांवर गेली. १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ रीतसर स्थापन झाली.

एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. वाइल्डर घराण्याचा संबंध दोन्हींशी आहे. अमेरिकेतील तरुण सेवा देण्यासाठी पूर्वेकडे निघाले होते. एक मराठी तरुणी सेवेचे सामर्थ्य स्वतः मिळवून स्वदेशी परतत होती. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. बाहेरून येणारा डॉक्टर आणि येथेच घडणारा डॉक्टर या दोन मार्गांपैकी दुसरा त्या क्षणी तरी खुंटला.

मिरजेचे उदाहरण

कॅनडात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले. वाइल्डर यांनी ज्याचा पाया घातला, त्याच मिशनचे ते डॉक्टर होते. सांगली येथे दवाखाना चालविल्यानंतर त्यांनी मिरज संस्थानात कार्य सुरू केले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरवरचे रुग्ण तेथे पोहोचू शकत.

वॉनलेस यांची ख्याती शल्यचिकित्सक म्हणून झाली. परंतु त्यांच्या कार्याचा टिकाऊ भाग वेगळा आहे. रुग्णालय उघडल्यानंतर तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू केले. एका शल्यचिकित्सकाच्या दोन हातांना मर्यादा असते, ही जाणीव त्यामागे दिसते. क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान हीदेखील याच कार्याची अंगे होत. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ मध्ये ते अमेरिकेत निवर्तले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी मिशनचे रुग्णालय तयार होते. संस्थापकाच्या पश्चात तीन दशकांनी त्याच्या कार्याचा लाभ सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेला मिळाला, ही बाब लक्षणीय आहे.

अटींचा प्रश्न

मिरजेसह सर्वच मिशन रुग्णालयांत उपचारांबरोबर प्रार्थना व प्रवचन असे, ही वस्तुस्थिती झाकण्याचे कारण नाही. वेदनेने व्याकूळ झालेला मनुष्य ऐकण्यास नकार देण्याच्या स्थितीत नसतो; त्यामुळे येथे स्वेच्छेचा प्रश्न निर्माण होतो. महात्मा गांधींनी १९३१ मध्ये मिशनऱ्यांच्या या पद्धतीवर स्पष्ट आक्षेप घेतला. उल्लेखनीय असे की, हाच विचार ख्रिस्ती वर्तुळातूनही पुढे आला. विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकन प्रोटेस्टंट पंथीयांनी नेमलेल्या समितीने १९३२ च्या अहवालात शिक्षण व वैद्यकसेवा थेट धर्मप्रचारापासून मुक्त ठेवावी, अशी शिफारस केली. त्यावर मिशन मंडळांत मोठे वादळ उठले. आनंदीबाईंनी १८८३ मध्ये नाकारलेली अट अशा रीतीने जवळपास अर्धशतकानंतर मिशनच्या अंतर्गत चर्चेचा विषय झाली.

वेल्लोर ते जामखेड

जॉन स्कडर यांची नात आयडा स्कडर वैद्यकीय पदवी घेऊन १९०० मध्ये दक्षिण भारतात परतल्या. १९१८ मध्ये त्यांनी वेल्लोर येथे स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. १९४७ पासून तेथे पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे याच संस्थेचे विद्यार्थी. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, खाटेवर येणारे बहुतेक आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत. १९७० मध्ये त्यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यात गावातील, बहुतांशी निरक्षर व उपेक्षित समाजांतील, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी डॉक्टर, देशी डॉक्टर आणि अखेरीस गावची स्त्री असा ज्ञानाचा हा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर ज्ञान रुग्णाच्या अधिक जवळ आले.

अल्पमुदतीची सेवा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास सुलभ झाला आणि ‘स्वयंसेवक’ या शब्दाचा अर्थ पालटला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालय-जहाजांवर सेवा देणारे स्वतःचा खर्च स्वतः करतात आणि अनेकजण थोड्या मुदतीसाठीच येतात. शस्त्रक्रियेची सोयच नसलेल्या बंदरात अशा जहाजाचे मोल नाकारता येत नाही. परंतु थोड्या दिवसांच्या पाहुण्याला भाषा येत नाही, शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत पाहायला तो थांबत नाही, आणि त्याच्या अनुभवाचा मोठा वाटा त्याच्याच सोबत परत जातो. इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर याच स्वरूपाची कठोर टीका केली होती. स्थानिक डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण हा अशा मोहिमांचा आवश्यक भाग ठरतो, तो यामुळेच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, माउंट हर्मनच्या प्रतिज्ञेचे खरे फलित किती तरुण समुद्रापार गेले, या संख्येत शोधता येणार नाही. स्वयंसेवकाचा हेतू शुद्ध असला तरी तेवढ्याने सेवा रुजत नाही. ती विनाअट असावी लागते, आणि ती स्वीकारणाऱ्यांच्या हाती ते कौशल्य यावे लागते. मिरजेने दुसरी गोष्ट साधली. पहिलीसाठी मिशनला दीर्घकाळ स्वतःशीच वाद घालावा लागला. परदेशी सेवेस निघणाऱ्या आजच्या कोणत्याही धर्माच्या वा संस्थेच्या पथकाला हे दोन्ही निकष लागू पडतात. आपल्या जाण्याने काम अडणार नाही, अशी व्यवस्था मागे ठेवणारा स्वयंसेवकच इतिहासाच्या दृष्टीने यशस्वी ठरतो.