निवडणूक आणि निवड : नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थी-प्रतिनिधित्वाचा विचार

मराठीत ‘निवडणे’ ह्या एकाच धातूपासून ‘निवड’ आणि ‘निवडणूक’ अशी दोन नामे सिद्ध झाली आहेत. सुपातले खडे निवडावेत तशी निवड एकटा मनुष्यही करू शकतो. निवडणुकीला मतदारांचा समुदाय लागतो. एरव्ही हा भेद कोशकारांपुरताच राहिला असता. परंतु मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या सार्वजनिक जीवनात त्याला एक निश्चित तारीख आहे. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ हा त्या वर्षी २२ जुलै रोजी अमलात आला आणि महाविद्यालयीन विद्यार्थी-परिषदेतील निवडणुकीच्या जागी निवड आली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. ज्या वर्षी कायद्याने विद्यार्थ्याचे मत काढून घेतले, त्याच वर्षी जन्मलेल्या ह्या विद्यापीठाला नाव मिळाले ते एका लढ्याच्या सेनानीचे. आणि त्या लढ्याच्या आरंभकाळात विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा होता.

हा आरंभकाळ इ. स. १९३८ चा. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दू माध्यमातून होत असे. मराठवाड्यात औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज सोडल्यास उच्च शिक्षणाची सोय नव्हती. नांदेड-लातूरकडच्या तरुणाला औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठणे भाग होते. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि प्रतिनिधित्व कोठेच नाही, अशी त्याची अवस्था होती. लातूर येथे महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन १९३८ मध्येच भरले; ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला; आणि त्या पाठोपाठ वसतिगृहातील प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास झालेल्या मनाईवरून विद्यार्थ्यांचा संप औरंगाबाद व हैदराबाद येथे पेटला. शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले म्हणून अनेकांचे शिक्षण तरी वाचले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे ह्याच पिढीतील. ह्या संपाला कोणत्याही विद्यार्थी-संघाच्या घटनेचा आधार नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. बोलण्याचा अधिकार कोणी दिला होता म्हणून विद्यार्थी बोलले नाहीत. काय म्हणावे आणि कोणत्या भाषेत म्हणावे, हाच मुळात तंट्याचा विषय होता.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उघडले व त्यामागे स्वामी रामानंद तीर्थ ह्यांची प्रेरणा होती. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. एकाच पिढीत शिक्षण हैदराबादहून आपल्या गावच्या वेशीपर्यंत आले. शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि दलित वस्त्यांतील मुले प्रथमच एका बाकावर बसू लागली. वार्षिक निवडणुकाही होऊ लागल्या. परंतु ह्या निवडणुकांनी प्रदेशाचे राजकारण घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. विद्यार्थी इतिहासात उतरले ते निवडणुकीच्या मंडपातून नव्हे, तर रस्त्यावरून.

१९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाचेच पाहावे. गुजरातेत नवनिर्माणाचे आंदोलन आणि बिहारात विद्यार्थ्यांचा उठाव चालू असतानाच मराठवाड्यातील विद्यार्थी नोकऱ्या आणि विभागाचा अनुशेष ह्या प्रश्नांवर बाहेर पडले. वसमत येथे गोळीबार झाला व त्यात प्राणहानी झाली. प्रदेशाच्या मागासलेपणाची भाषा, जी पुढे राजकीय पक्षांनी आणि शासकीय समित्यांनी उचलली, ती प्रथम लोकांच्या तोंडी रुळविण्याचे श्रेय बव्हंशी ह्या विद्यार्थ्यांना द्यावे लागेल.

त्यानंतर चारच वर्षांनी आलेला प्रसंग मात्र अभिमानाने सांगण्यासारखा नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात दलितांवर अत्याचारांची लाट उसळली. नांदेड जिल्ह्याला तिची झळ विशेष बसली. बिलोली तालुक्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ह्यांची हत्या ह्याच वेळची. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. एका बाजूला, डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला स्थापिलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परंपरेत वाढलेला तरुण नामांतर हा आपल्या नागरिकत्वाचा प्रश्न मानीत होता. दुसऱ्या बाजूला ‘मराठवाडा’ हे नाव म्हणजे मुक्तिलढ्याची खूण, असे म्हणत महाविद्यालये बंद पाडणारे विद्यार्थी होते. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ ह्यांच्यासारखे मुक्तिलढ्यातील ज्येष्ठ नेते होते, आणि त्यांचा युक्तिवाद प्रादेशिक अस्मितेचा होता. तथापि खेड्यांत ज्यांची घरे जळाली त्यांच्यापर्यंत तो युक्तिवाद म्हणून पोहोचलाच नाही. महाविद्यालयांत निवडणुका होत होत्या त्याच काळात हे घडले. म्हणून ‘निवडणुका असत्या तर विद्यार्थी-चळवळ संयमित राहिली असती’, हे पुष्कळदा ऐकू येणारे विधान इतिहासाला धरून नाही. उलट बाजूचे विधान, की निवडणुकांमुळेच हिंसा होते, तेही १९७८ च्या साक्षीने टिकत नाही. गावातील आग मतपेटीतून आली नव्हती.

नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे ह्यांनी त्यासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ ह्या दोन शब्दांतील अंतर ही त्या तडजोडीची नेमकी मोजणी होय : जुने नाव गेले नाही, नवे नाव त्याच्या आधी येऊन बसले. सप्टेंबरात नांदेडचे विद्यापीठ निघाले तेव्हाही ‘मराठवाडा’ हा शब्द नावात राहिला, आणि स्थापनेसाठी दिवस निवडला तो मुक्तिदिनाचा.

आता १९९४ च्या अधिनियमाकडे वळू. त्याची पार्श्वभूमी मराठवाड्यातील नव्हे, मुंबईची आहे. तेथे १९८९ मध्ये महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला आणि प्रत्यक्ष निवडणुका नकोत हे मत बळावले. गंमत अशी, की त्याच वर्षी मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. लोकसभेसाठी मत देण्यास योग्य ठरलेला तरुण पाच वर्षांनी आपल्या वर्गाचा प्रतिनिधी ठरविण्यास अयोग्य ठरला! नव्या तरतुदीप्रमाणे प्रत्येक वर्गातून आधीच्या परीक्षेत गुणवत्ता मिळविलेला एक विद्यार्थी परिषदेवर घ्यावयाचा, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना व सांस्कृतिक कार्य ह्यांतून एकेक आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनी नामनिर्देशित करावयाच्या, अध्यक्षपद प्राचार्यांकडे. विद्यार्थी-सदस्यांनी आपल्यातून सचिव निवडावा, एवढाच मतदानाचा अंश उरला.

ही व्यवस्था सबंध महाराष्ट्राची. पण लातुरात तिला वेगळा अर्थ आला. तेथे ‘गुणवत्ता’ हा शब्द एव्हाना गावाची ओळख बनला होता. राजर्षी शाहू महाविद्यालयात घडलेला ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची काटेकोर तपासणी आणि गुणवत्ता यादीतील नावे. ह्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा व्यासंग असलेल्या ह्या विद्वानाला प्रतिनिधित्वाचा प्रश्न किती खोल जातो हे सांगण्याची गरज नव्हती. तथापि त्यांच्या हाती आलेला कायदा निवडीचा होता. बाहेरगावाहून लातुरास येणाऱ्या विद्यार्थ्याचे ध्येय बहुधा वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेश हे असते. बारावी झाली की तो गाव सोडतो. विद्यापीठाचे नागरिकत्व त्याला मिळतच नाही. नांदेडला मात्र पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी वर्षानुवर्षे राहतो, शिष्यवृत्तीचा विलंब, वसतिगृह आणि निकाल ह्यांसाठी निवेदने देतो. दोन शहरांच्या विद्यार्थी-जीवनातील अंतर स्वभावाचे नसून मुक्कामाचे आहे.

गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिला क्रमांक ही विद्यार्थ्याची स्वतःची मिळकत. प्रतिनिधित्व हे दुसऱ्यांनी सोपविलेले काम. प्रथम आलेला विद्यार्थी वर्गाला उत्तरदायी नसतो, कारण वर्गाने त्याला काही दिलेले नसते आणि त्याच्याकडून काही परत घेताही येत नाही. विद्यार्थी-संघटना महाविद्यालयांच्या फाटकाबाहेर गेल्या, मोर्चे व निवेदने ह्यांवर त्यांची भिस्त राहिली, ह्याचे एक कारण येथे सापडते.

लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवारास वयोमर्यादा, पंचाहत्तर टक्के उपस्थिती, खर्चाला पाच हजार रुपयांची सीमा आणि छापील भित्तिपत्रकांना मनाई, हे त्यांतील ठळक नियम. महाराष्ट्राने त्यानंतरही दहा वर्षे घेतली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्ग-प्रतिनिधी ह्यांच्यासाठी प्रत्यक्ष मतदान पुन्हा कायद्यात आणले. २०१९ मध्ये निवडणुकांची घोषणा झाली, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि २०२० मध्ये साथीमुळे महाविद्यालयेच बंद झाली.

दरम्यान विद्यार्थी-राजकारणाला मतपेटी मिळाली ती अधिसभेच्या नोंदणीकृत पदवीधर मतदारसंघात. त्यातून दहा सदस्य निवडून जातात, आणि विद्यार्थी-संघटनांची पॅनेले तेथे उतरतात, नोंदणीसाठी महाविद्यालये पालथी घालतात. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली ह्या चार जिल्ह्यांतील पदवीधर त्यासाठी मतदान करतात. मतदाराची पात्रता एवढीच, की त्याने आपले पदवी-शिक्षण पूर्ण केलेले असावे.