पालथी पडलेली ‘रॉयल ओक’

स्कॉटलंडच्या उत्तरेस स्कापा फ्लो या आखाताच्या तळाशीं दोन महायुद्धांचीं जहाजें पडलीं आहेत. जर्मनांनीं १९१९ सालीं आपणच बुडविलेल्या नौकांपैकीं ७ अद्याप तेथें आहेत. खलाशी आधींच उतरले होते, तेव्हां हौशी पाणबुडे त्यांभोंवतीं खुशाल विहार करतात.

‘रॉयल ओक’ची गोष्ट निराळी. १४ ऑक्टोबर १९३९ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर जर्मन पाणबुडीचा पाणतीर या ब्रिटिश युद्धनौकेच्या नाळेस लागला. स्फोट आंतलाच समजून कित्येकजण पुन्हां निजले! दुसऱ्या माऱ्यानंतर सुमारें १३ मिनिटांत नौका उलटून बुडाली. ८०० हून अधिक माणसें गेलीं. त्यांत अठरा वर्षांखालचीं पोरेंच शंभरावर. येथें हौशी पाणबुड्यांस मज्जाव आहे. दरवर्षीं आरमाराचे पाणबुडे तेवढे पाठीवर हवेचीं नळकांडीं बांधून उतरतात आणि पालथ्या नौकेवरील जुनें निशाण काढून नवें लावतात.