पकवान आणि पक्वान्न : उल्हासनगरच्या कढईतला इतिहास

'पक्वान्न' हा शब्द कानी पडला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुरणपोळी, बासुंदी, श्रीखंड असे काहीतरी येते. शब्दात मुळात गोडवा नाही. पक्व म्हणजे शिजलेले, आणि अन्न म्हणजे अन्न. गोडवा घातला तो आपल्या सणांनी. उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये, स्टेशनातून बाहेर पडून बाजाराकडे वळले की याच शब्दाचे जोडाक्षर सुटून त्याचा 'पकवान' होतो आणि चवही खारट होते. मैद्याची, तळहाताहून मोठी, काट्याने टोचलेली, कडक तळलेली चकती. सोबत हरभऱ्याची घट्टसर डाळ, वर चिरलेला कांदा, चिंचेची आणि पुदिन्याची चटणी. हा सकाळचा नाश्ता आहे, मेजवानीचा पदार्थ नव्हे. एकाच संस्कृत मुळाचे दोन शब्द कल्याण-कर्जत लोहमार्गावर शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विचारात घ्यावी अशी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या तळावर १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. बराकी गेल्या, नगरपालिका आली, पुढे महानगरपालिकाही झाली; पत्त्यांतला 'कॅम्प' मात्र गेला नाही. भोवतालचा मुलूख, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, हा भाताचा. इथल्या आगरी-कुणबी घरांत तांदळाची भाकरी, आणि लग्नकार्यात मटणासोबत तांदळाच्या पिठाचे वडे. या भाताच्या देशात गव्हाची सवय असलेली माणसे येऊन वसली.

निर्वासिताच्या अन्नाबद्दल बोलताना आपण चटकन 'आठवणींची चव' वगैरे म्हणू लागतो. मला त्याआधीचा एक रोकडा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : कोणते अन्न टिकते? उत्तर हिंदुस्थानच्या आचारधर्मात 'कच्ची' आणि 'पक्की' रसोई असा भेद होता. पाण्यात शिजवलेले ते कच्चे. ते घराबाहेर, परक्या हातून चालत नसे. तुपात तळलेले ते पक्के. ते प्रवासात चाले, परक्याकडूनही घेता येई. आपल्याकडची दशमी याच तर्काने पाण्याऐवजी दुधात भिजवली जाते आणि शिदोरीत जाते. सिंधी घरांतला थदडीचा सणही असाच आहे. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी केलेले गोड लोले आणि इतर पदार्थ थंडच खायचे. आपली शीतला सप्तमी फार दूर नाही. म्हणजे चुलीवाचून एक दिवस कसा काढावा याचा सराव त्या स्वयंपाकघराला फाळणीपूर्वीच होता. चुलीचा भरवसा नसलेल्या दिवसांत त्याचे काय मोल असेल, हे वेगळे सांगायला नको.

कृती साधी आहे, पण ती हातावर बसावी लागते. मैद्यात मीठ, जिरे, भरडलेले मिरे आणि तुपाचे किंवा तेलाचे मोहन घालून पीठ आधी कोरडेच चोळायचे. मुठीत दाबले तर मूद राहावी इतके मोहन. मग बेताचे पाणी, घट्ट गोळा, थोडा विसावा. नंतर पातळ लाटून दोन्ही बाजूंनी काट्याचे टोचे. टोचे विसरले की पकवानाची पुरी होते. आच मंद हवी, कारण आतले पाणी सावकाश उडाले पाहिजे. मोठ्या आचेवर रंग येतो आणि दुपारपर्यंत चकती मऊ पडते. मोहन पिठाच्या कणांना वेढून त्यांचा चिवटपणा मोडते. खुसखुशीतपणाचे रहस्य एवढेच.

हेच रहस्य पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही ठाऊक आहे, आणि तेथवर सिंधी माणसाची वाट जाते. ब्रिटिशांनी १८४३ साली सिंध घेतल्यानंतर तिथल्या हैदराबाद शहरातले व्यापारी 'सिंधवर्क' म्हणून ओळखला जाणारा कलाकुसरीचा माल घेऊन जगभरच्या बंदरांत गेले. क्लॉद मार्कोविट्स यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या जाळ्याचा इतिहास मांडला आहे. चेलाराम यांची पेढी १९२३ साली लागोसमध्ये सुरू झाली. फाळणीनंतर अशा पेढ्यांनी भारतातल्या सिंधी तरुणांना नोकरीवर नेले, आणि लागोस, आक्रा ही नावे इथल्या सिंधी घरांत ओळखीची झाली.

त्या शहरांत घरोघरी 'चिनचिन' तळतात. मैदा, लोणी किंवा मार्गारिन, अंडे, दूध, साखर, जायफळ; पोळी लाटून बारीक चौकोन कापायचे आणि तळून डब्यात भरायचे. नाताळ, लग्न, अवचित आलेला पाहुणा, सगळ्यांसाठी तोच डबा. साखर वगळून मीठ, तिखट आणि किसलेला कांदा घातला की त्याची खारी जात होते. आपल्या दिवाळीतल्या खाऱ्या शंकरपाळ्यांच्या ताटात हे चौकोन मिसळले तर निवडून काढायला वेळ लागेल.

इथे एक सुबक कथा तयारच असते : सिंधी व्यापाऱ्याने पदार्थ नेला आणि आफ्रिकेने तो उचलला. आपल्या खाद्यलेखनाला अशा कथांचा फार सोस आहे. परंतु साम्य म्हणजे वंश नव्हे. पीठ, स्निग्धता आणि उष्णता या तीन गोष्टी जिथे एकत्र येतील तिथे माणूस याच निष्कर्षाला पोहोचेल. इतिहासाने विचारायचे ते हे की, त्या जागी पीठ आले कुठून?

दक्षिण नायजेरिया हा याम, कसावा आणि मक्याचा प्रदेश. गहू तिथे जहाजातून आला. लागोसच्या अपापा बंदरातली पहिली पीठगिरणी १९६२ साली सुरू झाली. आयात गव्हावर हा देश इतका विसंबला की गुनिला आंद्रे आणि ब्यॉर्न बेकमन यांनी १९८५ साली त्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच 'गव्हाचा सापळा' आहे. १९८७ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने गव्हाच्या आयातीवर बंदी घातली. काही वर्षांनी ती उठवावी लागली. आपणही फार वेगळे नव्हतो. १९५६ च्या पीएल-४८० करारानंतर अमेरिकेचा गहू भारतीय बंदरांत उतरू लागला आणि भातखाऊ कुटुंबांच्या रेशनच्या पिशवीत गहू पडू लागला. चिनचिन आणि कॅम्पातले पकवान यांचे नाते लावायचेच असेल तर ते असे बंदरातून लागते, स्वयंपाकिणीच्या वंशावळीतून नाही.

उरला भाषेचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक बोचरा आहे. सिंधीचा समावेश १९६७ साली आठव्या अनुसूचीत झाला. तिला राज्य मात्र नाही. ती अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत, या वादात शाळांतल्या काही पिढ्या गेल्या. रीटा कोठारी (२००७) आणि नंदिता भवनानी (२०१४) यांनी सिंधी हिंदूंच्या विस्थापनावर गांभीर्याने लिहिले, पण इंग्रजीत. मराठीत उल्हासनगर आले ते बहुधा 'मेड इन यूएसए'च्या विनोदातून. तिथला यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. लागूनच राहणाऱ्या एका मोठ्या समाजाबद्दल आपल्या साहित्याने एका विनोदावर भागवावे, हे कौतुकास्पद नाही. 'भाषा गेली तरी पदार्थ राहिला' हे सांत्वन हल्ली वारंवार ऐकू येते. मला ते पटत नाही. पदार्थ नाव सांभाळतो, वाक्य सांभाळत नाही. आजीने लाटता लाटता नातीला काय बजावले, मोहन किती म्हणजे किती हे कोणत्या शब्दांत सांगितले, ते तळणीच्या कढईत साठून राहत नाही.

मराठी माणसांच्या गाड्यांवरही आता हा पदार्थ मिळतो. पाटी मराठी असली तरी तिच्यावर 'डाळ' नसते, 'दाल पकवान' असते. आणि घरी आयुष्यभर डाळ म्हणणारे गिऱ्हाईकही तिथे दालच मागते.