संख्यालेखनांतील स्वल्पविराम

एकं, दहं, शतं म्हणत ज्यांनीं अंकगणिताचा श्रीगणेशा केला, त्यांना कोटीचा आंकडा लिहितांना स्वल्पविराम कोठें द्यावा हें सांगावें लागत नाहीं. उजवीकडून आधीं तीन अंक, मग दोन-दोन: १,००,००,०००. हीच संख्या इंग्रजी ग्रंथांत १०,०००,००० अशी दिसली कीं नजर क्षणभर अडखळते. हा भेद केवळ लेखणीच्या लहरीचा आहे काय?

प्राचीन भारतीय गणितांत दशमानाच्या प्रत्येक स्थानास स्वतंत्र नांव होतें. भास्कराचार्यांच्या ‘लीलावतीं’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा नांवें आहेत, त्यांत सहस्र व लक्ष यांच्यामध्यें अयुत, आणि लक्ष व कोटि यांच्यामध्यें प्रयुत येतें. लोकव्यवहारांत अयुत-प्रयुत मागें पडलीं व दशसहस्र, दशलक्ष हे जोडशब्द रूढ झाले. उरलेल्या हजार, लक्ष, कोटि या टप्प्यांवर जीभ थांबते. आणि ती थांबते तेथेंच आपला स्वल्पविराम पडतो.

इतरांची जीभ इतरत्र थांबते. ग्रीकांना दहा हजारांसाठीं ‘मिरिअड’ हें स्वतंत्र नांव होतें. विश्वांत मावतील तितक्या वाळूच्या कणांची गणना करतांना आर्किमिडीजानें मिरिअडांचा मिरिअड, म्हणजे दहा कोटि, हें नवें परिमाण मानलें. चीन व जपान येथें आजहि गणना चार-चार अंकांच्या टप्प्यांनीं चालते. मात्र जपानी हिशेबांत स्वल्पविराम पाश्चात्त्य रीतीनें तीन अंकांनंतर येतो. लिहावें तिनांत आणि बोलावें चारांत, अशी ही कसरत आहे.

युरोपांतहि एकवाक्यता नाहीं. १.५०० म्हणजे जर्मनास दीड हजार, तर इंग्रजास अवघें दीड! ‘बिलियन’ शब्दाचा अर्थ इंग्लंडांत पूर्वीं दशलक्ष गुणिलें दशलक्ष असा होता. १९७४ सालीं ब्रिटिश सरकारनें हजार दशलक्षांचा अमेरिकन अर्थ स्वीकारला. जुन्या ग्रंथाचा भाषांतरकार बेसावध असेल, तर हजारपटीची चूक सहज घडते.

वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें १९४८ सालीं यावर तोड काढली: तीन-तीन अंकांचे गट करावयाचे तर मध्यें नुसती मोकळी जागा सोडावी, बिंदु वा स्वल्पविराम घालूं नये. शास्त्रीय ग्रंथांपुरतें हें मान्य करण्यास हरकत नाहीं. परंतु घरखर्चाच्या वहींत व वर्तमानपत्रांत आपण लक्ष-कोटींतच विचार करतों. तेथें तिनांचे गट आणले, तर डोळा एक वाचील व तोंड दुसरें बोलेल. संख्या समजणें म्हणजे ती मनांत उच्चारतां येणें होय. ज्या भाषेंत ती उच्चारावयाची, तिच्या विरामांचा मान लेखणीनें राखलाच पाहिजे.