इतकं शिकून दाईच होणार?

माझ्या भाचीनं नर्सिंगची पदवी घेतली आणि पुढं मिडवाइफरीचा अभ्यासक्रम करणार असं घरात सांगितलं. पहिला सवाल खालाचा आला. "इत्ता पढ-लिखके दाईच बनना है क्या?" भाचीनं हसून सोडून दिलं, मला ते जमलं नाही. मराठवाड्यातल्या आमच्या घरात तीन पिढ्यांची बाळंतपणं एकाच दाईमाँच्या हातून झाली. तिला सगळे माँ म्हणायचे, पण तिच्या चहाचा कप मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवलेला असायचा. इस्लाममध्ये जातपात नाही असं त्याच घरात छातीठोकपणे सांगितलंही जायचं.

ज्या परंपरेचा आपण अभिमान सांगतो, तिच्यात या कामाला काय जागा होती? इब्न खल्दूननं १३७७ साली 'मुकद्दिमा' लिहिला. त्याच्या पाचव्या प्रकरणात तो एकेका हुन्नराची माहिती देतो. शेती, बांधकाम, सुतारकाम, विणकाम-शिवणकाम, त्यानंतर सुइणीचं काम आणि त्याच्याही नंतर वैद्यक. सुइणीला अरबीत 'काबिला' म्हणतात, म्हणजे स्वीकारणारी. आई देते आणि ही घेते. आपल्या रोजच्या बोलण्यातला 'कबूल' त्याच धातूतून आलाय.

त्यानं दिलेले तपशील वाचताना हा माणूस घरातल्या बायकांशी नीट बोलला असावा असं मला वाटतं. कळा सुरू असताना पाठ-कंबर चोळणं, नाळ कापणं, बाळाची कोवळी हाडं मालिशनं सरळ करणं, मग आईचं अंग चोळणं, सगळं त्यात आहे. वार लवकर बाहेर आली पाहिजे, आत राहिली तर जिवावर बेतेल, हेही आहे. आणि तो स्पष्ट लिहितो की दूध तुटेपर्यंत बाळाच्या दुखण्यातलं सुइणीला निष्णात हकिमापेक्षा जास्त कळतं.

वारेच्या त्या ओळींवर मी थांबलो. माझी मोठी फुप्पी त्यातच गेली. मूल झालं, वार आली नाही, रक्त थांबेना. दाईमाँनं तिला येत होतं ते सगळं केलं. बैलगाडी जुंपेपर्यंत उशीर झाला होता. त्यामुळं जुनी दाई म्हणजे सोन्याचा काळ, असं गाणं मला गाता येत नाही.

खालाचा सवालही नवा नाही. १८३२ साली इजिप्तमध्ये मुहम्मद अलीच्या राजवटीत क्लोत बे या फ्रेंच डॉक्टरनं सुइणींची शाळा काढली. तिथं मुली पाठवायला कोणतंही घर तयार होईना. शेवटी कैरोच्या गुलामांच्या बाजारातून सुदानी आणि हबशी मुली विकत आणून वर्ग भरला. त्यांना लिहायला-वाचायला, बाळंतपण करायला, देवीची लस टोचायला शिकवलं. शिकून बाहेर पडलेल्या बाईला 'हकीमा' म्हणत. तिला लष्करी हुद्दा आणि पगार मिळे. वैद्यकीय शाळेतल्या पदवीधराशी तिचं लग्नही सरकारच लावून देई. गुलाम मुलगी सरकारी अंमलदार झाली, ही लहान गोष्ट नव्हे. पण पाशाला फौजेसाठी माणसं हवी होती, म्हणून त्याला बाळंतपणात रस. हकीमा कुणाच्या दारात जाणार, काय नोंदवणार हे सरकार ठरवी. गल्लीतली जुनी दाया मात्र कुणाची नोकर नव्हती, आणि बहुतेक बायका तिलाच बोलावत राहिल्या.

शिक्का मिळाला म्हणजे हात स्वच्छ झाले असंही नसतं. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या ११.४ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८. विद्यार्थी मुडद्यांची चिरफाड करून थेट बाळंतिणीपाशी येत, हे कारण पुढच्याच वर्षी सेमेलवाइसनं शोधलं. त्याला वरिष्ठांनी किती छळलं, तो वेगळा विषय.

आपल्याकडं १८८५ साली डफरिन फंड आला. १९०३ साली लेडी कर्झनच्या पुढाकारानं दायांच्या प्रशिक्षणासाठी निधी उभा राहिला. १९२७च्या 'मदर इंडिया'त कॅथरिन मेयोनं दाईचं जे किळसवाणं चित्र काढलं, ते शिकल्यासवरल्या हिंदीजनांच्याही मनात घट्ट बसलं. चित्र सगळंच खोटं नव्हतं. विळ्यानं नाळ कापल्यावर धनुर्वातानं बाळं जात. पण नाळेला हात लावणं विटाळाचं, म्हणून ते काम मांग बाईच्या किंवा आमच्या दाईमाँसारखीच्या गळ्यात आपणच बांधलं. मग तिलाच घाणेरडी म्हणालो.

२००५-०६मध्ये देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१पर्यंत ८८.६ टक्के झाली. फुप्पीसारख्या कितीजणी त्यामुळं वाचल्या असतील. त्याच काळात सिझेरियन ८.५ टक्क्यांवरून २१.५वर गेलं, खाजगी दवाखान्यांत तर ४७.४वर. आणि कळा देणाऱ्या बाईजवळ रात्रभर बसणारं माणूस उरलं नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं मिडवाइफ घडवण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. ही मिडवाइफही मुख्यतः सरकारी रुग्णालयातच काम करणार.

भाचीच्या डोक्यात वेगळं आहे. शिक्षण आणि काही वर्षांची नोकरी झाल्यावर तिला आमच्याच तालुक्याच्या गावी स्वतःचं काम सुरू करायचंय. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून बाईला ओळखायचं, कळांच्या वेळी सोबत राहायचं, नंतर चाळीस दिवस घरी जाऊन बघायचं. परवानगीचं काय, डॉक्टर मंडळी उभं करतील का, हे प्रश्न मी विचारले. तिच्याकडं सगळ्यांची उत्तरं नव्हती. मग फुप्पीचं सांगितलं, तिला ते माहीत नव्हतं. ऐकून तिनं वही काढली. जागा कुठं घ्यायची त्याची यादी त्यात होती. पहिल्या दोन जागा रक्तपेढीपासून लांब होत्या, त्या तिनं खोडल्या.