सन्मान आणि पुरावा : परभणी जिल्ह्यातील स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाचा इतिहास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय शासनाने सुरू केलेल्या विविध निवृत्तिवेतन योजनांमध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे स्थान वेगळे आहे. वृद्ध, निराधार किंवा अपंग व्यक्तीला शासन साहाय्य देते ते तिच्या गरजेकडे पाहून. स्वातंत्र्यसैनिकाला ते दिले जाते त्याच्या त्यागाचे स्मरण म्हणून. म्हणजेच या योजनेत शासनाला केवळ अर्जदाराची परिस्थिती तपासून भागत नाही, तर त्याच्या गतायुष्याचा, पर्यायाने इतिहासाचा निर्णय करावा लागतो. मराठवाड्यात, विशेषतः परभणीसारख्या जिल्ह्यात, हा निर्णय कसा केला गेला, अर्जदारांना शासनाने कोणती उत्तरे दिली आणि त्या उत्तरांतून मुक्तिसंग्रामाचे कोणते चित्र कागदावर उरले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. येथील राजकीय जागृतीची परंपरा त्याआधीची आहे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये तत्कालीन परभणी जिल्ह्यातील परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. आर्य समाजाचा सत्याग्रहही याच सुमारास, १९३८-३९ मध्ये झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील अखेरचा लढा ७ ऑगस्ट १९४७ च्या भारतीय संघराज्यात विलीनीकरणाच्या दिनापासून आरंभला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या शरणागतीने संपला. हा सारा कालखंड सुमारे तेरा महिन्यांचा आहे. पुढील विवेचनासाठी ही कालमर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या लढ्याचे स्वरूप ब्रिटिश प्रदेशातील चळवळीहून भिन्न होते. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कार्यकर्त्यांना संस्थानाची सरहद्द ओलांडून जावे लागले. परभणी जिल्ह्याची उत्तर सीमा वऱ्हाडाला लागून होती. सरहद्दीवरील अशा केंद्रांतून, ज्यांना त्या काळी कॅम्प म्हणत, सशस्त्र प्रतिकार संघटित झाला. वसमत तालुक्यातील वापटी येथील बहिर्जी शिंदे याच संग्रामात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. परंतु या कार्यात केवळ हाती शस्त्र घेणारेच नव्हते. निरोप पोचविणारे, रात्री भाकरी देणारे, आखाड्यावर आसरा देणारे, बैलगाडीतून सामान नेणारे असे असंख्य लोक होते. त्यांत स्त्रिया होत्या, सालगडी होते, दलित समाजातील माणसे होती. त्यांच्या कार्याचे यश ते कोणत्याही दप्तरात नोंदले न जाण्यातच होते.

योजनेची घडण

केंद्र शासनाने स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. प्रारंभी तिला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती. १ ऑगस्ट १९८० पासून ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि योजनेस ‘स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन’ असे नाव मिळाले. हा बदल केवळ नावाचा नव्हता. उत्पन्नाची अट गेल्यामुळे हे वेतन साहाय्य न राहता सन्मान ठरले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली, हा योगायोगही उद्बोधक आहे. एका योजनेत अर्जदाराने आपले दारिद्र्य सिद्ध करावयाचे होते, तर दुसऱ्या योजनेत आपला भूतकाळ.

योजनेचे निकष मुख्यतः ब्रिटिशविरोधी चळवळीच्या अनुभवावर आधारलेले होते. किमान सहा महिन्यांचा कारावास, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांसाठी तीन महिन्यांचा कारावास, ही प्रमुख अट होती. भूमिगत राहिलेल्यांच्या बाबतीत त्यांना फरारी घोषित केल्याचा, त्यांच्यावर बक्षीस लावल्याचा किंवा न बजावता आलेल्या स्थानबद्धतेच्या आदेशाचा पुरावा अपेक्षित होता. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, ज्या राजवटीविरुद्ध लढा दिला त्या राजवटीच्या दप्तरातील नोंद हाच देशभक्तीचा श्रेष्ठ पुरावा मानला गेला.

परभणी जिल्ह्यातील अर्जदारापुढील अडचणी

या निकषांमुळे परभणी जिल्ह्यातील अर्जदारापुढे चार प्रकारच्या अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अडचण काळाची होती. अखेरचा लढा तेरा महिन्यांचा असल्याने सहा महिन्यांच्या कारावासाची अट म्हणजे संपूर्ण लढ्याच्या जवळजवळ निम्म्या काळाची अट होती. जो कार्यकर्ता एप्रिल १९४८ नंतर पकडला गेला, तो सप्टेंबरमध्ये संस्थान मुक्त होताच सुटला असल्यास त्याचे सहा महिने भरणे शक्य नव्हते. ज्या विजयासाठी तो लढला, त्या विजयानेच त्याला निकषाबाहेर ठेवले.

दुसरी अडचण दप्तराची व भाषेची होती. निजामी राजवटीचा कारभार उर्दूत चाले. तुरुंगाच्या आणि पोलिसांच्या नोंदी जेथे उपलब्ध होत्या तेथेही त्या वाचून त्यांचा मराठी किंवा इंग्रजी तरजुमा मिळविणे खेड्यातील वृद्ध माणसाला सोपे नव्हते.

तिसरी अडचण प्रशासकीय सीमांची होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला; जुन्या संस्थानी राजधानीचे दप्तर मात्र दुसऱ्या राज्यात राहिले. आज ते तेलंगणात आहे. जिल्ह्याच्या सीमाही बदलत गेल्या. १९८१ मध्ये परतूर नव्या जालना जिल्ह्यात गेले आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली, वसमत, कळमनुरी आदी तालुक्यांचा स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील लढा म्हणून ज्याचा इतिहास सांगितला जातो, त्याचे कागद आज किमान तीन जिल्ह्यांशी संबंधित आहेत.

चौथी अडचण सर्वांत मूलभूत होती. सरहद्दीवरील केंद्रात राहणाऱ्याचे नाव निजामाच्या तुरुंगात नव्हते आणि भारताच्याही तुरुंगात नव्हते. केंद्र शासनाने पुढे ही विशेष परिस्थिती मान्य केली. सरहद्दीवरील प्रथम ९८ व नंतर आणखी १८ केंद्रांना मान्यता देण्यात आली आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातील दाव्यांसाठी विशेष छाननी समिती नेमण्यात आली. लढ्याच्या या वेगळ्या स्वरूपाला शासनाने दिलेली ही महत्त्वाची मान्यता होय. परंतु अमुक व्यक्ती अमुक केंद्रात होती, हे सांगणारा कागद कोठून आणावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

शासनाची उत्तरे

राज्य शासनाने आपल्या योजनेसाठी ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयाने भूमिगत स्वातंत्र्यसैनिकांच्या दाव्यांसाठी पुराव्याचे निकष निश्चित केले. अर्जदाराचे शपथपत्र, त्या परिसरातील व स्वतः दीर्घ शिक्षा भोगलेल्या दोन स्वातंत्र्यसैनिकांची प्रमाणपत्रे, उपलब्ध असल्यास तत्कालीन कागदपत्रे आणि जिल्हा गौरव समितीची शिफारस ही त्यातील मुख्य अंगे होती. साक्षीदार सैनिकासाठी किमान दोन वर्षांच्या शिक्षेची अट होती. तेरा महिन्यांत संपलेल्या लढ्यात असे साक्षीदार विरळच असणार. शिवाय १९९५ पर्यंत, म्हणजे लढ्यानंतर ४७ वर्षांनी, त्यांपैकी किती हयात असतील, हाही प्रश्न होता.

अर्जदारांना मिळालेल्या उत्तरांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. ‘विहित मुदतीनंतर अर्ज’, ‘विहित पुरावा सादर केलेला नाही’ आणि ‘निकषांची पूर्तता होत नाही’. यांपैकी एकही उत्तर अर्जदार लढला नाही असे म्हणत नाही. ते केवळ एवढेच सांगते की, तो लढला हे शासनाला मान्य करता येत नाही. प्रशासनाच्या दृष्टीने हा भेद रास्त आहे. कारण सार्वजनिक पैशाचे वाटप पुराव्याविना करता येत नाही. परंतु गावात हा भेद उरत नाही. ज्याचा अर्ज फेटाळला गेला तो ‘खरा नव्हता’ असाच त्याचा अर्थ लावला जातो. रकमेच्या हानीपेक्षा ही हानी मोठी होती.

न्यायालयाची भूमिका

अर्ज फेटाळले गेलेल्यांपैकी काहींनी न्यायालयाचा आश्रय घेतला. औरंगाबाद येथील (आजचे छत्रपती संभाजीनगर) मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठामुळे मराठवाड्यातील अर्जदारांना हा मार्ग तुलनेने जवळचा झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांचा येथे निर्देश करणे आवश्यक आहे. मुकुंदलाल भंडारी विरुद्ध भारत सरकार (१९९३) हे प्रकरण हैदराबाद संस्थानातील आर्य समाजाच्या सत्याग्रहाशीच निगडित होते. त्यात केवळ अर्जास विलंब झाला म्हणून निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. मात्र लाभ अर्जाच्या दिनांकापासून द्यावा, असे ठरविले. गुरुदयाल सिंग विरुद्ध भारत सरकार (२००१) या प्रकरणात अशा दाव्यांचा निर्णय फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुराव्याच्या कसोटीवर नव्हे, तर संभाव्यतेच्या आधारे करावा, असे तत्त्व मांडले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला ही कसोटी परिचित आहे. उपलब्ध साधनांच्या तुलनेतून अधिक संभाव्य काय, हेच तो ठरवीत असतो.

बनावट प्रकरणांचा परिणाम

तथापि या प्रश्नाची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. पुराव्याची अट शिथिल होताच तिचा गैरफायदा घेणारेही पुढे आले. शेजारच्या बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्यामार्फत त्याची चौकशी झाली आणि २००५ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कपटाने मिळविलेला लाभ टिकू शकत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. या निर्णयाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्याचा एक दूरगामी परिणाम असा झाला की, कागद नसलेल्या प्रत्येक दाव्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. येथे एक विरोधाभास दिसून येतो. खोटा दावा करणारा कागद तयार करून आणतो, तर खऱ्या भूमिगताजवळ बहुधा कागदच नसतो. म्हणून कागदावरच सर्व भर देणारी पद्धती खोट्यापेक्षा खऱ्यालाच अधिक अडविण्याची शक्यता असते.

पाल्य, शिक्षण आणि नोकरी

या योजनेचा प्रश्न निवृत्तिवेतनापुरता मर्यादित नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या पाल्यांना शैक्षणिक सवलत आणि नामनिर्देशित पाल्यांना शासकीय सेवेत प्राधान्य या बाबीही सैनिकाच्या प्रमाणपत्राशी जोडलेल्या होत्या. महाविद्यालयीन कार्यालयांना सवलतीच्या अर्जांचा हा प्रकार परिचित आहे. त्यामुळे आजोबांच्या अर्जावरील उत्तराने नातवंडांच्या पिढीपर्यंतच्या संधींवर परिणाम घडविला. ज्या कुटुंबाचा दावा मान्य झाला त्याला शिक्षणाचा आधार मिळाला. ज्याचा झाला नाही ते कुटुंब, त्याच रात्री त्याच आखाड्यावर जागले असले तरी, इतर अर्जदारांच्या रांगेत उभे राहिले. स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडली. दिवंगत सैनिकाची पत्नी म्हणून निवृत्तिवेतनास पात्र ठरलेल्या स्त्रीचे नाव दप्तरात आले. परंतु तिने स्वतः केलेल्या कार्याची नोंद त्या नोंदीत असण्याचे कारण नव्हते.

संशोधनाच्या दृष्टीने महत्त्व

मुक्तिसंग्रामावरील लेखन प्रामुख्याने नेत्यांच्या आठवणी, संघटनांचे इतिहास आणि गौरवग्रंथ यांवर आधारलेले आहे. निवृत्तिवेतनाचे अर्ज हे साधन त्या तुलनेने उपेक्षित आहे. प्रत्येक अर्जासोबत सामान्य माणसाने आपल्या शब्दांत, बहुधा दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतलेले, आपल्या सहभागाचे निवेदन असते. त्यात गावे, वाटा, केंद्रांची नावे, सोबत्यांचे उल्लेख येतात. निकषात बसण्यासाठी काही भाग साचेबंद झालेला असतो, हे मान्य करूनही त्याचे मोल कमी होत नाही. विशेषतः नामंजूर प्रकरणांत लढ्याच्या तळाशी असलेल्या माणसांचे आवाज सापडण्याची शक्यता अधिक आहे. परंतु नामंजूर प्रकरण कार्यालयाच्या दृष्टीने संपलेले असते आणि दप्तर नाशनाच्या वेळी संपलेल्या कागदांवरच प्रथम संकट येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे अशी प्रकरणे पाहण्याचा मार्ग खुला झाला असला, तरी नष्ट झालेला कागद कोणताही अधिनियम परत आणू शकत नाही.

निष्कर्ष

परभणी जिल्ह्यातील स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाच्या इतिहासावरून असे दिसते की, शासनाचा हेतू सन्मानाचा असला तरी त्याची पद्धती पुराव्याची होती आणि तो पुरावा पराभूत राजवटीच्या दप्तरात शोधला गेला. अल्पकालीन, सरहद्दीवरून लढलेल्या व गुप्ततेवर उभ्या असलेल्या संग्रामाला ही पद्धती पुरेशी ठरली नाही. सरहद्दीवरील केंद्रांची मान्यता, राज्य शासनाचे निकष आणि न्यायालयांचे निर्णय यांनी ही उणीव अंशतः भरून काढली. बनावट प्रकरणांनी ती पुन्हा वाढविली.

त्या पिढीतील अत्यल्प माणसे आज हयात आहेत. त्यामुळे निवृत्तिवेतन देण्याचा प्रश्न कालौघात मिटत चालला आहे. नोंदीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. परभणी, हिंगोली आणि जालना जिल्ह्यांतील जिल्हाधिकारी कार्यालये व जिल्हा गौरव समित्या यांच्याकडील मंजूर आणि नामंजूर अशा दोन्ही प्रकरणांची सूची करून ती जतन करणे, हे काम या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हाती घेता येण्याजोगे आहे. ज्यांना शासनाने ‘पुरावा नाही’ असे उत्तर दिले, त्यांच्या सहभागाचा पुरावा म्हणून आज कदाचित तो नामंजूर अर्जच तेवढा शिल्लक असेल.